मृण्मयीच्या नावापुढचं शून्य

तुम्हाला माहीत होतं. कंपनीच्या वरच्या मजल्यावर बसून तुम्ही साहेबांनी हेरंब गोसावीच्या नावापुढचं शून्य पाहिलंत, त्याच्या जागी दुसरा माणूस नेमलात आणि तोंड शिवून बसलात.

हिंजवडीच्या त्या ऑफिसात पूर्वी कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज सगळी टीम मिळून बांधायची. प्रत्येकाने आकड्याचा पत्ता पालथा ठेवायचा, सगळ्यांनी एकदम उलटायचा आणि मग भांडायचं. कुणी भीतीने दुप्पट सांगायचं, कुणी साहेबाला खूश करायला निम्मं. प्रोजेक्ट हमखास लांबायचं.

मग ‘अदमास’ आला. ही प्रणाली कामापेक्षा माणसाकडे बघते. मनगटावरच्या पट्ट्यातून नाडी, झोप, बोटांचा कंप टिपते आणि कोण किती तास कामाला हाती लागेल आणि कामाला किती वेळ लागेल ते सांगते. तेव्हापासून एकही तारीख चुकली नाही.

हेरंबचे पुढच्या महिन्याचे तास शून्य दिसले तेव्हा टीमने टाळ्या पिटल्या होत्या. “दुसरीकडे ऑफर घेतलीस ना? पार्टी दे!” तो शपथा घेत राहिला. महिना लागला आणि तो जिन्यातच कोसळला. हृदय बंद पडलं. प्रोजेक्ट वेळेवर गेलं. तुम्ही केक कापलात.

आज सकाळी मृण्मयी सातपुतेच्या नावापुढे शून्य आलं.

“लग्न ठरलं का गं?” शेजारच्या निलोफरने सवयीने विचारलं आणि जीभ चावली.

मृण्मयी तडक टीम लीड मकरंदकडे गेली. “मी राजीनामा दिलेला नाही. मला काढताय का?”

“नाही गं. आईशप्पथ.”

“मग कारण दाखव.”

“मलाच दिसत नाही.” मकरंद टेबलाकडे बघत म्हणाला. “कारण कळलं की माणूस वागणं बदलतो आणि अंदाज चुकतो. म्हणून वरून झाकलंय.”

“म्हणजे मी वाचले तर तुमचा आकडा चुकेल?”

“डॉक्टरकडे जा ना तू.”

“आणि काय दुखतंय म्हणून सांगू? मला काहीच होत नाहीये, मकरंद!”

ती जागेवर परतली. तिची वाढलेली नाडीही पट्ट्याने टिपली असणार. तिने अदमास उघडला आणि नवं काम नोंदवलं: ‘मृण्मयीच्या शून्याचं कारण तिला सांगणे. लागणारा वेळ?’

उत्तर लगेच उमटलं: एक मिनिट.

तुमचा अंदाज कधी चुकत नाही ना? मग काढा ते मिनिट. ती पडद्यासमोर बसून आहे. बोला, काय होणार आहे तिला?