एक्केचाळीस नंबरची हजेरी

"उद्या पहिल्या तासाला माझी हजेरी तू दे रे," आमच्यातला एक जण म्हणाला.

वसतिगृहाच्या पायरीवर दिवे गेल्यामुळे आम्ही सगळेच बसलो होतो. वसतिगृहाचे रखवालदार काकाही आमच्यात होते; आधी ते तीस वर्षं कॉलेजात शिपाई होते. ते हसले.

"द्या, द्या. पंचाहत्तर टक्के भरले की झालं. माणूस कुठे का असेना." मग जरा थांबून म्हणाले, "माझ्या ओळखीच्या एका सरांचं सांगतो. मंगळवार होता, चौदा तारीख. रात्री नऊ चाळीसला सर वर्गाची किल्ली मागायला आले. म्हणाले, हजेरीपटाचं एक पान नव्याने लिहायचंय, तासाभराचं काम.

"त्यांच्या वर्गात एक्केचाळीस नंबरची मुलगी होती. कालव्याच्या वळणावर तिची स्कूटर खाली झुडपात गेली. कुणाला पत्ता नाही. मैत्रिणींना वाटलं, घरी गेली असेल. टक्के पडू नयेत म्हणून त्या रोज तिच्या नावाने 'हजर' म्हणायच्या. दुसऱ्याच दिवशी वडील विचारत आले. सरांनी हजेरीपट उघडून दाखवला. 'अहो, पोरगी कालही वर्गात होती, आजही आहे. फोन उचलत नसेल, एवढंच.' वडील निर्धास्त परत गेले.

"पाचव्या दिवशी सापडली. डॉक्टर म्हणाले, तीन दिवस जिवंत होती."

हजेरी मागणाऱ्याने हातातला मोबाइल खाली ठेवला.

"बुधवारी चौकशी होती. प्राचार्य साहेबांनी सरांना बजावलं, तिला पाचही दिवस गैरहजर दाखवा, घरी कळवल्याचं पत्र मी करतो. नोकरी कायम व्हायचीय ना तुमची? सरांना दोन लहान मुलं. करतात काय.

"सरांना नंबर मोठ्याने म्हणत लिहायची सवय. मी जिन्यात बसून ऐकत होतो. अडतीस... एकोणचाळीस... चाळीस...

"एक्केचाळीस.

"...

"'हजर, सर.'

"मागच्या बाकावरून. दमलेला आवाज. मला वाटलं, भास. सरही थांबले. मग पुन्हा म्हणाले, हळू. एक्केचाळीस.

"'हजर, सर.'

"या वेळी मधल्या बाकावरून.

"मी उठलो नाही. सरांनी तिसऱ्यांदा नंबर म्हटला नाही. तरीही उत्तर आलं...

"टेबलापासून."

"आणि सर?" हजेरी मागणाऱ्याने विचारलं.

"बाहेर आले. किल्ली माझ्या हातात दिली. सकाळी जुना, मूळ हजेरीपट त्यांनी चौकशीवाल्यांसमोर ठेवला. 'वडिलांना मीच परत पाठवलं,' म्हणाले. महिन्याभरात नोकरी गेली."

"म्हणजे नवं पान अर्धंच राहिलं?"

काकांनी मान हलवली.

"मीच उचललं ते टेबलावरून. सरांनी चाळीसपर्यंतच लिहिलं होतं, मी कानांनी ऐकलंय. पान मात्र साठपर्यंत भरलेलं. सगळं सरांच्याच अक्षरात. एकूणएक पोरापुढे गैरहजर, पाचही दिवस. हजर फक्त एक्केचाळीस.

"आणि खाली, शिक्षकाच्या सहीची जागा असते ना...

"तिथेही गैरहजर."