खुंटीवरचा रॉड

वीज उपकेंद्रात काम करताना मोठा मुलगा गेला, आणि त्याचा बाप थेट तपासनीस बाईंच्या दारात आला. निवृत्त वायरमन. त्याचं एकच म्हणणं होतं: कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरनं जुन्या भांडणाचा डूख धरून, बंद केलेली वीज पुन्हा सोडली. कंपनी मात्र सगळं खापर पोराच्या निष्काळजीपणावर फोडत होती.

"माझा पोरगा निष्काळजी नव्हता. मी शिकवलंय त्याला," म्हातारा म्हणाला. "कपॅसिटर वीज साठवून ठेवतो. म्हणून आधी स्विच बंद करायचा, मग साठलेली वीज जमिनीत उतरवायला अर्थिंगचा रॉड टेकवायचा. चट्ट वाजलं की रॉड खुंटीला आणि हात कामाला. मी जन्मभर असंच केलं."

बाईंचे सोबती वकीलसाहेब मान डोलावत राहिले. त्यांना विजेतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण खुनी कोण हे त्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

उपकेंद्रातला ऑपरेटर भेदरलेला होता. भांडण त्यानं कबूल केलं. पण स्विच बंद करून त्याला गेलेल्या मुलानंच कुलूप लावलं होतं, आणि एकुलती एक किल्ली त्या मुलाच्याच खिशात सापडली होती. वकीलसाहेबांचा चेहरा पडला.

धाकटा भाऊ त्या दिवशी जोडीदार म्हणून तिथेच होता. त्यानं सगळं सांगितलं. दादानं रॉड टेकवला, आवाज झाला, रॉड खुंटीला गेला. कपॅसिटरला बसवायचा नवा फ्यूज जवळ नव्हता म्हणून धाकटा स्टोअरमध्ये धावला. तो येईस्तोवर दादा वाट बघत बसला. मग फ्यूज बसवायला हात घातला आणि जागीच गेला.

तुमचे फ्यूज कुठे असायचे, असं बाईंनी सोबत आलेल्या म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, कायम खिशात.

"म्हणून तुम्ही वाचलात," बाई हळूच म्हणाल्या. "वीज कुणी सोडली नाही. ती कपॅसिटरच्या आतच मुरलेली होती. ओली गादी वरून कोरडी केली तरी आतलं पाणी हळूहळू वर येतं, तसंच हे. म्हणून काम संपेपर्यंत रॉड लावूनच ठेवायचा असतो. तुम्ही लगेच हात घालायचात, तिला वर यायला सवडच मिळत नव्हती. त्याला थांबावं लागलं."

वकीलसाहेबांना एकदाचं सगळं कळलं, आणि ऑपरेटरच खुनी निघाला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना मनापासून वाटलं.

म्हातारा धाकट्याकडे वळला. म्हणाला, "आईला यातलं काही सांगू नकोस."

"तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, बाबा," धाकटा म्हणाला. "दादा तुमच्यासारखंच करायचा का म्हणून. मी हो म्हणून बसलो."