अमोनिया काही उतरेना

एकेचाळिसाव्या दिवशीही परीक्षानळीतलं पाणी हिरवंच झालं. डॉ. शर्वरी तांडेलने नळी दिव्यासमोर धरून पाहिली, तिरकी करून पाहिली, मग नीट स्टँडमध्ये ठेवली आणि टाकीला एक लाथ घातली. चंद्रावर लाथ घातली की घालणाराच मागे उडतो. ती दोन मीटर तरंगत गेली आणि सलीम मुकादमच्या टेबलावर, त्याच्या चहाशेजारी जाऊन बसली.

"हिरवं?" सलीमने चहा सरकवत विचारलं. तो वस्तीचा पाणी-रसायनज्ञ होता, दापोलीकडचा. दुसऱ्याच्या रागात आपला चहा सांडू द्यायचा नाही एवढं तो इथे येऊन शिकला होता.

"हिरवं," शर्वरी म्हणाली.

पिवळं हवं होतं. पिवळं म्हणजे अमोनिया शून्य. चांद्रवस्तीतल्या या आठ हजार लिटर खाऱ्या पाण्यात अजून एकही मासा नव्हता आणि तरी अमोनिया दहा लाखांत दोन भाग होता, कारण तो शर्वरीनेच घातला होता. नव्या टाकीत असंच करतात. आधी अमोनिया घालायचा, मग बाटलीतले जीवाणू सोडायचे, आणि तो खाऊन ते वाढायची वाट बघायची. तीन-चार आठवडे पुरतात. इथे सहावा आठवडा चालू होता आणि अमोनिया जसा घातला तसा होता, सरकारी जागेवरच्या अतिक्रमणासारखा, हलायला तयार नाही.

आणि चोवीस दिवसांनी मालयान उतरणार होतं. त्यात जिताडा माशाची दोनशे चाळीस पिल्लं होती, बोटाएवढी, पाण्याच्या पिशव्यांत. यान वाटेतून परत फिरत नाही. हिरव्या पाण्यात सोडली तर पिल्लं एका दिवसात मेली असती, आणि नाही सोडली तर पिशवीत मेली असती. त्यांच्या आया शर्वरीने उरणजवळच्या खाजणातल्या एका तळ्यात सहा वर्षं वाढवल्या होत्या. ते तळं आता नाही. पिल्लं यानात चढली त्याच महिन्यात चांद्रप्रकल्पाच्या पार्किंगसाठी त्यावर भराव पडला. भरावाच्या जुन्या आदेशावर सही होती अभिजित वाकणकर यांची. तेच वाकणकर आता चांद्रवस्तीचे संचालक होते, वय सहासष्ट, तिसरी मुदतवाढ. वस्तीवर पंचेचाळिशीच्या वर कुणाला पाठवायचं नाही हा नियम त्यांनीच केला होता, त्यामुळे तो त्यांना लागू नव्हता.

शर्वरी आणि सलीमने पुन्हा एकदा सगळं तपासलं. तापमान अठ्ठावीस. क्षारता भरपूर. फॉस्फेट आहे, प्राणवायू आहे. गाळणीच्या नळीतला जंतुनाशक दिवा पहिल्या दिवसापासून बंद. अमोनिया जास्त झाला तर जीवाणूच गुदमरतात, पण दोन भागांनी कुणी गुदमरत नाही. शेवटी सलीम म्हणाला की, घर बरोबर आहे, जेवण बरोबर आहे, तर मग पाहुणेच आले नसतील. त्यांनी जीवाणूंच्या रिकाम्या बाटलीच्या तळाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पाहुणे आले होते. सगळे मेलेले होते.

बाटलीच्या बुडाला तीन शिक्के होते. 'वायुद्वार एक, निर्जंतुक केले.' 'वायुद्वार दोन, निर्जंतुक केले.' तिसरा शिक्का भांडार विभागाचा होता, त्यात शाईने वर लिहिलं होतं, 'खात्रीसाठी पुन्हा.'

शर्वरी ती बाटली घेऊन वाकणकरांच्या खोलीत गेली. तिचा आवाज बाहेर स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होता असं नंतर सगळ्यांनी सांगितलं. वाकणकर मात्र शांत होते. त्यांनी नियमावली काढून दाखवली. बाहेरून येणाऱ्या सर्व वस्तू प्रकाशपेटीत घालून जंतुमुक्त कराव्यात. बाटली ही वस्तू आहे.

"सर, बाटलीत जंतूच होते. जंतू विकत घेतले होते आपण."

"मग तसा अपवाद मागायला हवा होता. विहित नमुन्यात."

त्यांनी विचारलं की, हे जंतू नक्की करतात काय. शर्वरीने सातव्यांदा सांगितलं. मासा श्वासावाटे, विष्ठेवाटे अमोनिया सोडतो आणि त्याच पाण्यात राहतो, म्हणजे आपल्याच विषात राहतो. समुद्रात एका जातीचे जीव तो अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करतात. दुसरी जात नायट्राइट खाऊन नायट्रेट करते, ते माशाला सोसतं. दुसरी जात उशिरा आली तरी खाऱ्या पाण्यात चालतं, कारण पाण्यातल्या मिठामुळे नायट्राइट माशाच्या अंगात फारसं शिरत नाही. पहिली जात मात्र हवीच. वाकणकरांनी मान डोलावली आणि नवी बाटली मागवण्याचा प्रस्ताव ठेवायला सांगितलं. ती चार महिन्यांनी येणार होती, आणि तिलाही तीन शिक्के बसणार होते.

सलीमने त्या संध्याकाळी जेवताना, म्हणजे शेवाळाच्या वड्या चघळताना (वस्तीतले एकतीस जण दोन वर्षं तेच चघळत होते, म्हणून तर जिताडा), एक गोष्ट काढली. अमोनिया खाणारे आदिजीव माणसाच्या कातडीवरही असतात. जीवाणूंसारखेच बारीक, घराणं वेगळं. घामातला अमोनिया खातात, घाम खारट असतो म्हणून मिठाला बुजत नाहीत. आणि म्हाताऱ्यांच्या अंगावर जास्त सापडतात.

"इथे कुणाच्या अंगावर काय राहिलंय?" शर्वरी म्हणाली. खरंच होतं. सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाने निर्जंतुक फवाऱ्याखाली तीन मिनिटं उभं राहायचं, हाही वाकणकरांचाच आदेश. न राहणाऱ्याची पुढच्या परतयानाने घरी रवानगी, आणि आजवर दोघांची केलीही होती. त्यातला एक बिचारा सर्दी झाली म्हणून एकदाच चुकला होता. पोटातल्या जंतूंपर्यंत नियम अजून पोचला नव्हता, पण पोटातले जंतू अमोनिया खात नाहीत.

तरी त्यांनी आरोग्य तपासणीच्या नावाखाली एकतिसांच्याही पाठीवरून कापसाचा बोळा फिरवला. तीस बोळ्यांत काहीच नव्हतं, धुतलेल्या काचेसारखी कातडी. एकतिसाव्यात जत्रा भरली होती. शर्वरीने नमुन्यावरचं नाव दोनदा वाचलं आणि ती त्या दिवसांत पहिल्यांदा हसली. ते हसू काही चांगलं नव्हतं.

वाकणकरांनी आधी सगळं नाकारलं. मग नमुना बदलला असेल म्हणाले. मग दार लावून घेतलं.

"फवाऱ्याचं पाणी फार गार असतं हो," ते म्हणाले. "आणि त्या औषधाने अंगाला खाज सुटते."

"किती दिवस?"

"अकरा महिने."

शर्वरीने सांगितलं की, त्यांना टाकीत बसावं लागेल. रोज आठ तास, नारळाच्या काथ्याने अंग घासत, आणि अंधारात, कारण या जीवांना उजेड सोसत नाही. वाकणकरांनी स्वच्छ नकार दिला. कारण पाण्याचं नव्हतं. टाकीत उतरले आणि अमोनिया उतरला, तर त्यांच्या अंगावर जंतू होते हे सिद्ध होणार. जंतू होते म्हणजे फवारा चुकवला. चुकवला म्हणजे परतयान. आदेशावर सही त्यांची स्वतःची होती आणि ती फार स्पष्ट होती.

"दोनशे चाळीस आहेत, सर. त्यांच्या वंशाचं खाली आता कुणी नाही. तळं कुठे गेलं ते तुम्हाला माहीत आहे."

वाकणकरांनी चष्मा काढून पुसला. शर्वरीला वाटलं, माणसाला पाझर फुटला. त्यांना सुचली होती ती वेगळीच गोष्ट.

"माणूस म्हणून मला उतरता येणार नाही," ते म्हणाले. "साहित्य म्हणून येईल."

दुसऱ्या दिवशी भांडाराच्या नोंदवहीत नोंद झाली: 'जीवाणू-स्रोत, सजीव, नग एक. ताबा: मत्स्य विभाग.' नगाला नाव नव्हतं. नगाची सही संचालकांनी केली. सलीमने गंभीर चेहऱ्याने शंका काढली की, वस्तू म्हटल्यावर नियमाप्रमाणे प्रकाशपेटीत घालावी लागेल. वाकणकरांनी त्याला नियमातले 'बाहेरून येणाऱ्या' हे शब्द बोट ठेवून दाखवले. ते त्या अकरा महिन्यांच्याही कितीतरी आधीपासून आत होते.

अशा रीतीने चांद्रवस्तीचे संचालक पट्ट्यापट्ट्याची चड्डी घालून खाऱ्या पाण्यात बसू लागले. पहिल्या दिवशी उतरताना पाय घसरला. चंद्रावर माणूस पडतोही सावकाश, त्यामुळे ते पडता पडता "धरा, धरा" असं तीनदा म्हणू शकले आणि तरीही कुणाला धरायला सुचलं नाही. त्यांच्या वजनाने उसळलेली लाट छतापर्यंत गेली आणि आरामात खाली आली, शर्वरीच्या डोक्यावर. ती निथळत उभी राहिली आणि त्यांच्या हातात काथ्या दिला. पाठ नीट घासा म्हणाली.

ते अंधारात फायली ऐकत. सचिव दाराबाहेरून वाचून दाखवायचा, ते आतून मंजूर, नामंजूर ओरडायचे. पाचव्या दिवशी पाणी हिरवं. नवव्या दिवशी हिरवं. शर्वरीला झोप लागेना, ती सगळ्यांवर ओरडू लागली, काथ्यावरही. तेराव्या दिवशी हिरव्यात कुठेतरी पिवळसर झाक दिसली. तिने सलीमला दाखवली, सलीमने आणखी दोघांना, आणि कुणीच काही बोललं नाही, दृष्ट लागेल म्हणून. एकविसाव्या दिवशी नळी पिवळी झाली, लिंबाच्या सालीसारखी. त्यात पुन्हा अमोनिया घातला, तो रात्रीत संपला.

मालयान उतरलं. पिशव्या टाकीत तरंगवल्या, पाणी थोडं थोडं मिसळलं, आणि दोनशे चाळीसपैकी दोनशे सदतीस पिल्लं सुळ्ळकन गाळणीच्या दगडांमागे गेली. तिघं वाटेत मेली होती. शर्वरी त्या तिघांसाठी रडली आणि मग वायुद्वारावरच्या माणसाशी भांडायला गेली, कारण तो आता रिकाम्या पिशव्यांवर शिक्का मारायला उभा होता.

परतयान रिकामंच गेलं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी एका दुपारी सलीम टाकीच्या खोलीत आला. आत अंधार होता. पाण्यातून काथ्या घासल्याचा आवाज येत होता, आणि मधूनच वाकणकरांचा, कुणाला तरी चावू नको म्हणून समजावणारा. पिल्लांना त्यांच्या पायाची बोटं आवडू लागली होती. सलीमने खालच्या आवाजात शर्वरीला विचारलं की, आदिजीवांची वस्ती आता दगडांवर झालेली आहे ना. तिने हो म्हटलं. मासेच त्यांना अमोनिया पुरवतात, म्हणजे वस्ती आपली आपण चालणार. तिने हो म्हटलं. मग स्रोताची गरज नाही.

"यान उतरलं त्या दिवसापासून नाही," शर्वरी म्हणाली.

"सांगितलं नाहीस?"

"नग भांडारात परत करायचा तर ताबा असलेल्या विभागाने तसा अर्ज करायचा असतो. विहित नमुन्यात." तिने नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, हलवली. "नमुना मला सापडत नाहीये."

"तांडेल," टाकीतून हाक आली. आवाज थकलेला होता, पण त्यात काळजी होती, खरीखुरी. "आज किती आहे?"

शर्वरीने लहान दिवा लावून नळी समोर धरली. पाणी पिवळं होतं, नितळ, कुठे हिरव्याचा लवलेश नाही. तिने ते पुरेसा वेळ पाहिलं.

"आहे अजून थोडा, सर," ती म्हणाली. "बसा." आणि दिवा मालवला.