सालईखेड्याची थाळी

ऑगस्टातला सोमवार, दुपारचे सव्वाचार. मोर्शीच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याचं बेट हे गाव. आभाळ निरभ्र, ऊन कडक.

गावाला बेट म्हणतात, कारण टेकडीच्या दोन्ही अंगांनी डोंगरातले नाले उतरतात. ते फुगले की गाव सगळीकडून पाण्यात. आणि इथला पूर पाऊस घेऊन येत नाही. ढग फुटतो वर डोंगरात, इथे ऊन असतं, आणि रिकाम्या नाल्यातून घराएवढ्या उंचीचं पाणी धावत येतं. म्हणून तर तीन वर्षांपूर्वी शाळेजवळ सायरनचा खांब उभा राहिला. फीत कापली, फोटो निघाले. त्यानंतर तो एकदाही वाजला नाही.

मनकर्णाबाई ओसरीत बरबटीच्या शेंगा सोलत होत्या. फोन वाजला. नात दीक्षा, कॉलेजातून परत येताना नाल्यावरच्या रपट्याशी, त्या ठेंगण्या फरशीपुलाशी पोचली होती.

"आजी, रपट्यावर स्कुटी बंद पडली. घोट्याइतकंच पाणी हाये. ढकलून राहिली मी."

शेजारचे मोतीराम हसले. "इंजिनेर व्हनार म्हंते पोरगी, अन् गाडी काई सुरू होत नाई तिच्यानं!"

"तुमची सायकल तरी कुठं चालते, मोतीरामभाऊ?" मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि हातातली शेंग तशीच राहिली.

वरून, नाल्याच्या दरीतून आवाज येत होता. ठर्र... ठर्र... मग थांबून एक, ठर्र.

पितळी थाळीवर पळी. दोन लागोपाठ, एक थांबून. थाळीला चीर होती, म्हणून तो आवाज ठणठणत नसे, खरखरत असे. लाख थाळ्यांतून तो त्यांनी ओळखला असता. ती त्यांच्या मायची थाळी होती.

सालईखेडा, त्यांचं माहेर, नाल्याच्या वरच्या तोंडाशी. डोंगरात पाणी सुटलं की तिथल्या बाया थाळ्या वाजवत. बेटानं ऐकून उत्तर द्यायचं, मग खालच्या गावानं. उत्तर मिळेपर्यंत वरच्यांनी थांबायचं नाही, असा नेम. लग्न होऊन आल्यावर पहिल्या पावसाळ्यात मनकर्णाबाई रोज दरीकडे कान लावून बसत. फोन नव्हता, रस्ता नव्हता. मायचा आवाज यायचा तो पुरासोबतच. पूर यावा असं तेव्हा त्यांना वाटे. थाळी ऐकली की त्या रडत, हसत, आणि धावत आपली थाळी घेऊन नाल्यावर जात. तेवढंच मायलेकींचं बोलणं.

माय जाऊन वीस वर्षं झाली. सालईखेडा जंगलातून उठवलं; आता तिथे चौथरेसुद्धा दिसत नाहीत. आणि चीर गेलेली ती थाळी तर माय गेल्यापासून त्यांच्याच घरात होती.

त्या घरात गेल्या. थाळी फळीवर होती. जागच्या जागी, पालथी.

बाहेर ठर्र, ठर्र. आणि ठर्र.

"मोतीरामभाऊ... तुमाले आयकू येते का?"

मोतीरामांनी टोपी काढली. त्यांचं हसू कधीच गेलं होतं. "हाव... पन वैनी, वर आता हाये कोन?"

मनकर्णाबाईंनी फोन लावला. "दीक्षा, गाडी सोड. पयत ये."

"काहून? आभाळ तं कोरडं हाये. सायरनबी नाई वाजला."

"थाळी वाजून राहिली."

"कोनती थाळी? आजी, नवी गाडी हाये, अशी कशी..."

त्यांनी फोन दरीकडे धरला. पलीकडे धप्पकन गाडी आडवी पडली. मग धापा, आणि पाण्यात पावलं आपटल्याचा आवाज.

त्यांनी फळीवरची थाळी उचलली. ती गार होती, विहिरीतून काढल्यासारखी. ओसरीच्या कडेला उभं राहून त्यांनी पळी मारली. दोन लागोपाठ, एक थांबून.

वरचा आवाज त्याच क्षणी थांबला.

"माय..." त्या इतक्या हळू म्हणाल्या, की मोतीरामांनाही ऐकू गेलं नाही.

घरोघरच्या म्हाताऱ्या थाळ्या घेऊन बाहेर आल्या. नाल्यातली गुरं, माणसं वर चढली. दीक्षा चढावर पोचली, आणि कुजक्या पानांचा वास आला. मग मालगाडी धडधडावी तसा आवाज. वळणावरून पाणी आलं, अख्खी झाडं घेऊन. रपटा दिसेनासा झाला. स्कुटी कुठे गेली ते कुणी पाहिलं नाही. पोरीनं आजीला घट्ट मिठी मारली.

माणूस एकही गेलं नाही. दोन दिवसांनी पाणी उतरल्यावर तहसीलचे साहेब आले. कॅमेऱ्यासमोर म्हणाले, सायरन वेळेवर वाजला म्हणून गाव वाचलं. खांबावरच्या पेटीत साळुंकीचं घरटं होतं, बॅटरी कधी बसवलीच नव्हती. गावकऱ्यांनी ते दाखवून प्रश्न विचारला, तेव्हा साहेब गाडीत बसले.

साहेब गेले त्या संध्याकाळी मनकर्णाबाई थाळी घासायला बसल्या. चिरेत काहीतरी अडकलं होतं. काडीनं कोरलं, तर ओला तांबडा गाळ निघाला, डोंगरातला.

बेटावरची माती काळी आहे. आणि पुराचं पाणी त्यांच्या पायरीलाही शिवलं नव्हतं.