आईसाठी तीन चौकोन

पाडांगच्या अंगकोतमध्ये, त्या टिचभर प्रवासी गाडीत, गाणी इतक्या मोठ्याने लागली होती, की विर्दाच्या समोर बसलेला माणूस फोनवर चक्क ओरडत होता –

"सगळा घोळ आयांनी घातलाय! एकेक आई अख्ख्या शहराला वेठीला धरतेय!"

विर्दाला राहवलं नाही. "तुमच्याही घरी असेल की एखादी."

तो दचकला. कानांपर्यंत लाल झाला. "आहे… पायाकुंबूला. ती तर एकटीच शहराला पुरून उरेल."

अर्ध्या तासाने विद्यापीठात विभागप्रमुखांनी त्याच माणसाची ओळख करून दिली. "हे अफ्रिझल, बांडुंगहून आलेत. आपला त्सुनामीचा सराव का अडकतो ते शोधायला. विर्दा, तीन आठवडे तुमच्याच टेबलाशी."

सराव संगणकातला. भूकंपानंतर पाडांगची आठ लाख माणसं उंचावर कशी पोचतील, ते पाहायचं. चाळीस संगणकांनी शहर वाटून घेतलेलं – निम्मे इथे, निम्मे बांडुंगला. पण प्रत्येकाच्या पावलाची खबर सगळ्यांना देत बसलं, तर जाळं तुंबतं. म्हणून प्रत्येकाने आधीच सांगून ठेवायचं – मला एवढ्या चौकोनातलं कळवा, बाकीचं नको. त्या संगणकी शहरासाठी अफ्रिझलने लिहिलेल्या आयांनी मात्र सगळं शहरच मागितलं होतं. दहा मिनिटांच्या कामाला सहा तास लागत होते.

"अख्खं शहर कशाला, पाक अफ्रिझल?" साहेबांना लावतात तसं 'पाक' लावून विर्दाने विचारलं.

"मूल कुठे असेल ते आईला कुठे ठाऊक असतं, उनी?" पाडांगकडे ताईला म्हणतात तसं 'उनी' म्हणत तो उत्तरला. "लहानपणी भूकंप झाला, तेव्हा मी शाळेमागच्या मैदानात होतो. आईने सगळं गाव पालथं घातलं होतं."

चूक ती चूकच. पण अशी चूक करणाऱ्यावर रागवायचं तरी कसं?

दुपारी दोघं तेह तालुआ, अंडं फेटून केलेला चहा, प्यायला जायची. तिच्या ग्लासात लिंबाची फोड तोच पिळायचा, न विचारता. अंड्याचा फेस त्याच्या मिशीला लागायचा, विर्दा नुसतं स्वतःच्या ओठाला बोट लावून दाखवायची… आणि तो मुद्दाम दुसऱ्याच बाजूला पुसायचा.

सोमवारी वहीत आकडेमोड करताना तिला उत्तर सापडलं. आईला तीन चौकोन पुरे – एक तिच्याभोवती, एक शाळेचा, एक मधल्या रस्त्याचा. तिच्याभोवतीचा चौकोनही पावलागणिक हलवायचा नाही; थोडा ऐसपैस ठेवायचा, ती काठाशी आली की मगच सरकवायचा.

पण काम संपलं, की तो बांडुंगला जाणार.

दोन दिवस तिने वही मिटूनच ठेवली. बुधवारी तिची तिलाच लाज वाटली – आपल्यापायी आठ लाख माणसं ताटकळत ठेवायची? वही तिने त्याच्यापुढे सरकवली.

गुरुवारी सराव अकरा मिनिटांत संपला. एकूण एक आई मुलापर्यंत पोचली.

"उद्याचं विमान मिळेल," तो पडद्याकडे बघत म्हणाला.

"बस… एवढंच?"

"एवढंच म्हणजे?"

"तीन आठवडे माझ्या चहात लिंबू पिळलंत. आणि आता विमान?"

"उनी, मी मुलगा!" तो कळवळून म्हणाला. "मी कसा विचारणार? आमच्याकडे गाव हसेल. विचारायला मुलीकडचे येतात, तिचे मामा येतात. पाडांगच्या असून विसरलात?"

"मला वाटलं, इतकी वर्षं बांडुंगला राहून तुम्ही तिकडचे झाला असाल, तिकडे मुलगाच विचारतो. बोलायचं असतं, तर बोलला असता…"

"आणि मला वाटलं, तुमच्या मनातच नाही. रोज वाट बघत होतो."

विर्दाने उगीचच कळफलकावरची धूळ पुसली.

"माझे मामा रविवारी मोकळे असतात," ती हळूच म्हणाली. "तुमच्या आई घरी असतील ना… उदा?"

तीन आठवड्यांतला हा पहिला 'उदा'. 'उदा' म्हणजे दादा; पण पाडांगच्या बायका नवऱ्यालाही उदाच म्हणतात, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याने घाईघाईने फोन लावला.

"आई, रविवारी कुठे जाऊ नकोस… नाही गं, बरा आहे मी… पाहुणे येतायत… किती? थांब, विचारतो."

त्याने वर पाहिलं. विर्दा बोटांवर मोजू लागली – मामा, धाकटे मामा, आजी, तीन मावश्या… दोन्ही हातांची बोटं संपली, तरी ती मोजतच होती.

"आई," तो फोनमध्ये म्हणाला, "मोठी कढई काढ."