माल्टेची विरोधक

भर पावसात एक उंच मुलगा तूवाच्या सायकलशी झटापट करत होता. किल्ली काही फिरत नव्हती, आणि तो कुलपाला अगदी मनापासून शिव्या घालत होता.

"चोरायचीच असेल तर जरा घाई कर," तूवा छत्रीखालून म्हणाली. "मला तिच्यावरून घरी जायचंय."

"चोरतोय कसला? माझी सायकल आहे ही!"

"असं? मग टोपलीतला कोबीही तुझाच का?"

त्याने कोबीकडे पाहिलं. मग शेजारच्या, तशाच हिरव्या सायकलकडे पाहिलं, आणि तो कानांपर्यंत लाल झाला. "मला वाटलं… कुणी तरी भेट ठेवून गेलंय."

तूवाला हसू आवरेना. चष्म्यावरून पाणी गळत असलेला तो मुलगाही हसायला लागला. गॉथेनबर्गमध्ये पाऊस रोजचाच, त्याचं कुणाला कौतुक नाही. पण त्या दिवशी तूवा घरी पोचली ती उगीचच गुणगुणत.

दोनच दिवसांनी तो तिच्या वर्गात येऊन बसला. माल्टे त्याचं नाव. वर्षभर अभ्यास सोडून कुठेकुठे नोकऱ्या करून परतला होता, म्हणून आधी कधी दिसला नव्हता. चित्रपट आणि टेलिव्हिजनच्या एम.ए.ला तिथे नुसता प्रबंध लिहून भागत नाही. भर वर्गात एका सहाध्यायाने विरोधक म्हणून उभं राहायचं आणि त्या प्रबंधाची चिरफाड करायची. विरोध झाल्याशिवाय प्रबंध पास नाही, आणि नीट विरोध केल्याशिवाय विरोधकही पास नाही. शत्रुत्वाची अशी सक्ती दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही.

"माल्टे, तुझी विरोधक तूवा," प्राध्यापक गुनिल्लाने जाहीर केलं. तिथे प्राध्यापकांनाही सगळे नावानेच हाक मारतात.

"कोबीवाली?" माल्टेच्या तोंडून निसटलं, आणि सगळा वर्ग खिदळला.

सादरीकरण होईपर्यंत दोघांनी प्रबंधावर अवाक्षर बोलायचं नाही, असा दंडक होता. मग काय, ते बाकी सगळ्यावर बोलत सुटले. पाऊस, ट्राम, त्याची घोरणारी मांजर, तिची न घोरणारी पण भांडखोर बहीण. कॅन्टीनच्या खिडकीपाशी त्यांचं टेबल ठरून गेलं.

"माझं कुठलं प्रकरण वाचतेयस, एवढं तरी सांग ना," एकदा तो बशी पुढे सरकवत म्हणाला.

"विरोधकाला लाच देतोस?"

"लाच कसली? वेलदोड्याचा गोड बनपाव आहे साधा."

"आण इकडे. पण सांगणार काही नाही."

"निर्दयी आहेस."

"सक्तीच आहे तशी," ती भरल्या तोंडाने म्हणाली. तो तिच्या हनुवटीवरच्या साखरेकडे बघत राहिला… आणि पटकन दुसरीकडे बघायला लागला. तूवाच्या हृदयाचा ठोका चुकला तो तेव्हा.

त्याचा प्रबंधही नजर चुकवण्यावरच होता. टीव्हीवरच्या जुन्या नाटकांत चुंबनाचा क्षण जवळ आला की कॅमेरा हळूच खिडकीकडे वळायचा. ही आपल्या स्वीडिश लोकांची लाज, आपला संकोच, असं माल्टेचं म्हणणं होतं. इतकं गोड लिहिलं होतं त्याने, की तूवा विरोधक असल्याचं विसरून वाचत गेली.

मग नियमाप्रमाणे पडताळा घ्यायला ती विद्यापीठाच्या संग्रहालयात ती नाटकं बघायला बसली. कानांना हेडफोन लावले. कॅमेरा खिडकीकडे वळला, आणि त्या दृश्यामागे तिला ऐकू आली पावलं. धपधप, धपधप. कुणी तरी जिवाच्या आकांताने पळत होतं! पुढच्या प्रवेशात नायिका बागेत उभी, कोटाची बटणं वरखाली लागलेली, धाप लागलेली. त्या काळी नाटकं थेट प्रक्षेपित व्हायची. कॅमेरा लाजत नव्हता, नटांना दुसऱ्या सेटवर पळायला वेळ देत होता. माल्टेने सगळं डोळे भरून पाहिलं होतं, ऐकलं मात्र नव्हतं.

तूवाने हेडफोन काढले. अख्खा प्रबंध त्या एका लाजेवर उभा होता.

आणि नेमकं त्याच दुपारी तो कॅन्टीनमध्ये धावत आला. "तूवा! मला नोकरी मिळतेय. स्टॉकहोमला, चित्रपटांच्या संग्रहालयात. फक्त जूनमध्ये पदवी हातात हवी." तिने अभिनंदन केलं. पण उद्याच्या सादरीकरणात त्या पावलांचा प्रश्न विचारला तर त्याची नोकरी जाणार. आणि नाही विचारला, तर त्याच्या डोळ्यांत बघायचं कसं?

"काय झालं गं?" त्याने विचारलं.

"काही नाही… उद्या मी तुला जरा सांभाळून घेऊ का?"

तो एकदम गंभीर झाला. "नको. माझं लिहिलेलं इतकं मन लावून आजवर कुणी वाचलेलं नाही. जे दिसलं असेल ते विचार. दया नको."

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं. ती पावलं वर्गाला ऐकवलीही.

माल्टेने ती पुन्हा एकदा लावायला सांगितली. मग त्याने कपाळावर हात मारला. "एवढी पानं मी त्यांना लाजवत बसलो… आणि ते बिचारे पळत होते!"

वर्ग हसला. तोही हसला. पण कागद गोळा करताना त्याने पानं उलटीसुलटी लावली, आणि ते फक्त तूवाला दिसलं. त्या क्षणी तिला स्वतःचा भयंकर राग आला.

"आज हा प्रबंध पास करता येणार नाही," गुनिल्ला हळुवारपणे म्हणाली. "पुन्हा लिही, माल्टे. सप्टेंबरमध्ये सादर कर. तूवा, तुझं काम उत्तम झालं. तेव्हाही विरोधक तूच राहा."

"तूवा नको," माल्टे म्हणाला.

तूवाने मान खाली घातली. बरोबरच होतं त्याचं. आता कशाला तिचं तोंड बघेल तो?

"का रे?" गुनिल्लाने विचारलं.

"विरोधक जवळच्या नात्यातला चालत नाही ना?"

"नाही चालत. पण तुमचं काय नातं?"

"अजून तसं काही नाही… म्हणजे — मी तिला अजून विचारलेलं नाही." त्याने सरळ तूवाकडे पाहिलं. या वेळी नजर वळवली नाही. "पण सप्टेंबरच्या आत विचारणार आहे."

तूवाचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती.

"गुनिल्ला," ती म्हणाली, "दुसरं कुणी तरी शोध. माझ्याच्याने आता याला विरोध व्हायचा नाही."