टपालपेटीवरचं नाव

जिन्यात आम्ही एकमेकांमुळे अडलो. मी दोन बॅगा ओढत वर चालले होते, तो एक टेबल घेऊन खाली येत होता, आणि जिना असा अरुंद की एका वेळी एकानेच जावं. बाहेर भुरभुर पाऊस होता. माझे केस कपाळाला चिकटलेले. 'जरा वाट द्या' हे वाक्य मी विमानात तिथल्या भाषेत घोकून घोकून पाठ केलं होतं, ते नेमकं आठवेना.

"अगं आई गं…" एवढंच तोंडून निघालं.

टेबलामागून आवाज आला, "आई नाहीये इथे. मी आहे. चालेल का?"

दोन दिवसांत कानावर पडलेलं ते पहिलं मराठी. मला एकदम हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. टेबलाच्या कडेवरून एक चष्मा डोकावला.

"कितव्या मजल्यावर?"

"चौथ्या. डावीकडची खोली."

"म्हणजे हे टेबल मी उगाच उतरवतोय. आज सकाळपर्यंत ती माझीच खोली होती."

टेबल पुन्हा वर गेलं, त्यामागून माझ्या बॅगा. त्याचा अभ्यासक्रम संपला होता, आणि त्याबरोबर खोलीचा करारही. आता तो रस्त्यापलीकडे एका मित्राच्या बाहेरच्या खोलीत, सोफ्यावर झोपणार होता. विद्यापीठाच्या ज्या लाकूड-चाचणी प्रयोगशाळेत तो शिकताना काम करायचा, तिनेच त्याला पक्की नोकरी देऊ केली होती, फक्त राहण्याचा परवाना वाढून मिळायला हवा होता.

"तिथे काय करता?"

"फळ्या मोडतो. किती वजनाला मोडते ते लिहून ठेवतो."

"दिवसभर?"

"दिवसभर. संध्याकाळी शेजारणींची टेबलं वर नेतो."

जाताना दारात थांबून म्हणाला, "परवाना-कचेरीचं पत्र याच पत्त्यावर येणार आहे. सहा-आठ आठवडे लागतील. आलं की सांगाल?"

"सांगेन की," मी म्हटलं. इतकं सोपं काम त्या शहरात मला दुसरं कुणी दिलं नव्हतं.

पहिले काही दिवस मी रांगांमध्येच काढले. नोंदणीची रांग, बँकेची रांग, विद्यापीठाच्या ओळखपत्राची रांग. प्रत्येक खिडकीशी माझ्याकडे एक कागद कमी असायचा. तो कामावरून सुटला की भेटायचा आणि माझी फाइल उघडून बघायचा. कुठला कचरा कुठल्या डब्यात, कुठलं दुकान स्वस्त, व्याख्यानात प्राध्यापक हसले की आपणही हसायचं का — सगळं त्यानेच शिकवलं. आठवड्याभरात 'तुम्ही'चं 'तू' झालं. मी त्याची 'चौथा मजला' झाले, आणि तो माझा 'फळीफोडे'.

"काय चौथा मजला, आज किती वेळा रस्ता चुकलीस?"

"एकदाच."

"प्रगती आहे. कुठे निघालेलीस आणि कुठे पोचलीस?"

"ग्रंथालयात निघाले होते… तुझ्या प्रयोगशाळेत पोचले."

त्याने चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

खालच्या दाराशी भिंतीत टपालपेट्या होत्या. माझ्या खोलीच्या पेटीवर त्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली होती. तिसऱ्या दिवशी मी ती गरम पाण्याने भिजवून, नखाने खरवडून काढली आणि माझं नाव ठळक अक्षरांत लिहून लावलं. फोटो काढून आईला पाठवला. त्या एवढ्या मोठ्या शहरात माझं नाव असलेली ती पहिली जागा. आई म्हणाली, "आता तू तिथली झालीस हो." चिठ्ठी काढली म्हणून काही बिघडेल हे माझ्या मनातही आलं नाही. आमच्याकडे नुसतं 'मास्तरांची धाकटी' लिहिलेलं पाकीट बरोबर घरी यायचं. पोस्टमन घर ओळखायचा, माणसं ओळखायचा.

मग रोज संध्याकाळी तो विचारायचा, "आलं का?" आणि मी म्हणायची, "वाटेत असेल." पुढे पुढे तो आमचा रामरामच झाला.

एकदा नदीवरच्या पुलावर वारा इतका होता की बोललेलं ऐकू येईना. तो कानाशी वाकून म्हणाला, "पत्र आलं की तुला एक विचारायचंय."

"आत्ता विचार ना."

"आत्ता विचारलं तर ते उद्या बॅग भरणाऱ्या माणसाचं विचारणं होईल. मला इथे राहणाऱ्या माणसासारखं विचारायचंय."

मला काय उत्तर द्यायचं ते ठाऊक होतं. मी फक्त त्याच्या कोटाच्या बाहीला धरून चालत राहिले… त्यानेही ती सोडवून घेतली नाही.

सातव्या आठवड्यातल्या मंगळवारी खालच्या दाराशी टपालवाली बाई भेटली. मोडक्यातोडक्या भाषेत त्याचं नाव सांगून मी विचारलं, या नावाचं काही पत्र?

"आलं होतं ना, गेल्या महिन्यात. सरकारी पाकीट," ती पेट्या भरता भरता म्हणाली. "पेटीवर ते नाव नव्हतं. मग परत पाठवलं. आम्ही नाव बघतो, बाई. नाव नाही तर माणूस नाही."

मी तिथेच पायरीवर बसले.

त्या संध्याकाळी त्याला सांगायचं नक्की ठरवलं होतं. पण तो आला तो दोन फळ्या काखेत मारून. माझी पुस्तकं जमिनीवर असतात म्हणून मांडणी करून द्यायला. "या मोडलेल्या नाहीत, तपासून आणल्यात," म्हणाला, आणि भिंतीला भोकं पाडता पाडता शीळ घालू लागला. मग मानही न वळवता त्याने विचारलं, "आलं का?"

माझ्या तोंडून निघालं, "वाटेत असेल."

उद्या सांगू, म्हटलं. उद्या तो फारच थकलेला होता. परवा तो फारच खुशीत होता. खरं सांगायचं तर मी भ्याले होते. मीच त्याचं पत्र परत धाडलं हे कळल्यावर तो ते 'एक' कधीच विचारणार नाही, एवढंच मला दिसत होतं. आणि त्या आठवड्यातल्या संध्याकाळी… इतक्या गोड संध्याकाळी मला पुन्हा लाभल्या नाहीत.

पुढच्या बुधवारी तो स्वतःच कचेरीत गेला. तिथून थेट माझ्याकडे आला. मी चहाचं आधण ठेवलं होतं.

"पत्र कधीच परत गेलंय," तो टेबलाशी बसत म्हणाला. "'या नावाचं कुणी राहत नाही' असा शिक्का आहे. मुलाखतीची तारीख गेली. अर्ज बंद. तीन आठवड्यांत देश सोडायचा."

"तुझ्या नावाची चिठ्ठी मी काढली," मी म्हटलं.

तो चक्क हसला. "अगं वेडाबाई… तुला काय माहीत इथला कारभार! मीच सांगायला हवं होतं. माझंच चुकलं." त्याने हात पुढे केला आणि माझ्या हातावर ठेवला. पहिल्यांदाच.

तिथे गप्प बसले असते तर तो हात तसाच राहिला असता. पण त्या हाताखाली मला खोटं धरवेना.

"मला मंगळवारी कळलं होतं. टपालवालीने सांगितलं."

"काल?"

"नाही… गेल्या मंगळवारी."

आधण उकळत होतं. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.

"परत गेलेल्या पत्रासाठी महिनाभर मुदत असते," तो सावकाश म्हणाला. "कचेरीत जाऊन सांगितलं असतं तर नवी तारीख मिळाली असती. मुदत परवा संपली. सोमवारी."

"मुदतीचं मला ठाऊक नव्हतं रे!"

"नव्हतं ना. काल मी विचारलं तेव्हा तू काय म्हणालीस?"

मी उकळत्या आधणाकडे बघितलं.

"सांग ना, काय म्हणालीस?"

"वाटेत असेल."

त्याने हात काढून घेतला. झटका नाही, राग नाही. टेबलावरून एखादी वस्तू उचलावी तसा.

"मला तू आवडतोस," मी म्हटलं. इतक्या दिवसांत बोलायला हीच वेळ मिळाली मला. "म्हणून घाबरले. तू विचारणार होतास ना… त्याला माझं 'हो' होतं. पहिल्यापासून होतं."

"ठाऊक आहे मला." तो उठला, कोट घातला. "मलाही तू आवडतेस. पण चिठ्ठी काढणारी मुलगी मला कळते गं. आठवडाभर रोज माझ्या तोंडाकडे बघून तेच वाक्य म्हणणारी… ती कोण, ते कळत नाही."

"पुन्हा अर्ज करता येईल. मी येते कचेरीत, माझी चूक लिहून देते—"

"लिहून दे," तो म्हणाला. "काही होणार नाही, पण दे."

मी दिलं. काही झालं नाही.

त्या तीन आठवड्यांत तो दोनदा दिसला, दोन्ही वेळा रस्त्याच्या पलीकडे. दोन्ही वेळा त्याने मान हलवली, मीही हलवली. ज्या दिवशी गेला त्या दिवशी विमानतळावरून त्याचा निरोप आला.

"पुलाचं काम सुरू होतंय. सोमवारपासून विद्यापीठाची बस जुन्या बाजाराच्या थांब्यावरून सुटेल. दहा मिनिटं लवकर निघ."

बाकी काही नाही. मी उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी नुसतं 'बरं' पाठवलं.

सोमवारी मी दहा मिनिटं लवकर निघाले. बस वेळेवर आली. बसायला जागाही मिळाली.